हलगेकर अण्णांचे हातमोजे

बेळगावात शहापुरातल्या आमच्या गल्लीत राहायला आलो त्या पहिल्या सकाळी शेजारच्या परसातून कुणीतरी मला हात केला. भिंत छातीएवढी, तिच्या वर एक केशरी हात हलत होता. नव्या वस्तीत आखडू म्हणून नाव व्हायला नको, म्हणून मीही हात केला. तो थांबेना. मी पुन्हा केला. मग वाऱ्याची झुळूक आली आणि त्याच्या शेजारी आणखी दोन हात वर झाले, एक निळा आणि एक पांढरा. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी वाळत घातलेल्या हातमोज्यांना नमस्कार करतोय.

भिंतीपलीकडून आवाज आला, "नवीन वकील काय? चष्म्याचा नंबर बघून घ्या की एकदा."

हे परशराम हलगेकर. गल्लीत अण्णा. पाटबंधारे खात्यात सगळी नोकरी केली, कालव्यांच्या दारांवर देखरेख ठेवली आणि निवृत्त झाल्यावर जुन्या लाकडी सामानाचा रंग काढायचं वेड घेतलं. लोक त्यांच्याकडे खुर्च्या, पाट, देव्हारे, कपाटाची दारं आणून टाकत. अण्णा त्यावरचं जुनं पॉलिश, वॉर्निश, ऑईलपेंट सगळं उतरवून लाकूड उघडं करून देत. पुढे काही नाही. नवं पॉलिश लावायचा विषय काढला की म्हणत, "काढायचं काम माझं. लावायचं तुमचं." त्यामुळे गल्लीतल्या निम्म्या व्हरांड्यांत उघड्यावाघड्या खुर्च्या बसलेल्या असत, आंघोळ करून कपड्यांची वाट बघत असल्यासारख्या.

पण खुर्ची ही दुय्यम गोष्ट. अण्णांचा खरा विषय हातमोजे.

त्यांच्याशी पहिल्यांदा ओळख होणाऱ्या माणसाला ते रामराम करत नसत. "हात बघू," म्हणत. समोरचा बापडा समजायचा, ज्योतिषी दिसतायत, आणि आशेनं तळवा पुढे करायचा. माझा एक अशील, जमिनीच्या दाव्यात गांजलेला, असाच भिंतीपाशी उभा राहून हात दाखवत होता. अण्णांनी तळवा उलटसुलट केला, बोटांच्या बेचक्या तपासल्या, नखांच्या कडा बघितल्या.

"काय दिसूलालंय अण्णा?" अशिलानं घाबरत विचारलं.

"लई वाईट हाय," अण्णा म्हणाले. "भेगा पडल्यात. थिनरनं हात धुतोस काय रं?"

"व्हय. ट्रॅक्टरचं ग्रीस जाईत न्हाय दुसऱ्या कशानं."

"गोडं तेल लाव, मग साबण. कातड्याला दुकान न्हाय बाबा."

दाव्याचं काय होणार हे अशिलानं तरीही विचारलंच. अण्णांनी माझ्याकडे बोट केलं.

"कातड्याला दुकान न्हाय" हे त्यांचं बोधवाक्य होतं. दुसरं थोडं लांब होतं आणि ते समोरच्याला पाठ होईपर्यंत म्हणत: "मोजा बघून रसायन न्हाय. रसायन बघून मोजा." यात सगळं आलं, असं त्यांचं म्हणणं. दुकानात जाऊन 'एक चांगला हातमोजा द्या' म्हणणारा माणूस त्यांच्या लेखी औषधाच्या दुकानात जाऊन 'एक चांगली गोळी द्या' म्हणणाऱ्याच्या रांगेतला.

परसातल्या दोरीवर चालायची ती या मोज्यांची परीक्षा. नवा मोजा आणला की अण्णा त्याच्या एका बोटात रंग काढायचं रिमूव्हर ओतायचे, मोजा दोरीला चिमट्यानं लटकवायचे आणि ते भरलेलं बोट खाली ठेवलेल्या रंगीत पत्र्याला टेकेल असं बघायचे. मग समोर पाट टाकून बसायचे. पत्र्यावरचा रंग सुरकुतला, की रिमूव्हर मोजा भेदून बाहेर आलं. मोजा नापास. भांडी घासायचा केशरी मोजा चहा व्हायच्या आत नापास झाला, आणि जाताजाता फुगून म्हशीच्या सडासारखा झाला. दवाखान्यातला पांढरा त्याच्याही आधी गेला. निळा नायट्राईलचा जरा बरा म्हणून अण्णा आशेवर होते. स्पिरिटला तो टिकला, टर्पेंटाईनला टिकला, पण रिमूव्हरपुढे त्यानंही मान टाकली. उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून कुणीतरी चामड्याचा जाड मोजा आणून दिला, तो तर सगळं पिऊन बसला.

"हा मोजा न्हवं, स्पंज हाय," अण्णा म्हणाले आणि तो परत केला.

खडेबाजारातला हार्डवेअरवाला अण्णांना लांबून ओळखायचा. एकदा मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. आम्ही पायरी चढायच्या आत त्यानं गिऱ्हाईक सोडून हातमोज्यांचा डबा गल्ल्याखाली सारला.

"नवीन काय आलंय?" अण्णांनी खिशातून बाटली काढली.

"अण्णा, घ्यायचा असला तर घ्या. इथं आंघोळ घालू नका."

"न बघता कसा घेऊ?"

"लोक घालून बघत्यात. तुमी बुडवून बघताय."

"लोकांचं सांगू नको. लोक वरून धुतलेला मोजा आतनं ओला का म्हणून इचारत्यात आणि परत घालत्यात." अण्णांनी गल्ल्याखाली वाकून डबा स्वतःच ओढला. "ह्यो कशाचा?"

"रबराचा."

"कसल्या रबराचा?"

दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. मी वकील असून मला या प्रश्नावर काही युक्तिवाद सुचला नाही.

"काळ्या," तो शेवटी म्हणाला.

घरी आल्यावर अण्णांनी हा किस्सा आतल्या खोलीकडे तोंड करून मोठ्यानं सांगितला. आतून बाईमाणसाचं मोकळं हसू ऐकू आलं. ती कमळाआक्का, अण्णांची बायको. आक्का शहापुरातल्याच विणकरांच्या घरातली. माहेरी माग होते, रंगवलेल्या सुताच्या लडी परसात टांगलेल्या असायच्या. काचबिंदूनं त्यांची नजर हळूहळू गेली आणि आता उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. पण मोज्याला भोक आहे का हे घरात त्यांच्याइतकं कुणाला कळत नसे. अण्णा मोज्यात हवा भरून मनगटाशी पिळून धरायचे आणि आक्का तो फुगलेला पंजा गालाशी नेऊन बोटाबोटावरून फिरवायच्या.

"करंगळीपाशी वारं लागूलालंय," म्हणायच्या. की तो मोजा बाद. अण्णांनी कधी फेरतपासणी मागितली नाही.

आता माझ्या टेबलाकडे येतो. वडील निपाणीला एका तंबाखूच्या वखारीत मुनीम होते. वखार बंद झाली तेव्हा मालकानं त्यांचं टेबल त्यांना देऊन टाकलं. वडिलांच्या मागं ते मी बेळगावला आणलं. सागवानी, खणाखणाचं, आणि खण उघडला की अजून तंबाखूचा वास येणारं. पण वखारीत दर थोड्या वर्षांनी कुठलातरी उरलेला ऑईलपेंट त्याला फासलेला. वरून ते गुलाबी होतं. वकिलानं गुलाबी टेबलावर बसून घटस्फोटाचे अर्ज लिहावेत हे मला बरं वाटेना. अण्णांना दाखवलं.

अण्णांनी कडेचा एक टवका नखानं उचलला, त्याची जाडी न्याहाळली आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. "लई थर हाईत वकीलसाहेब. स्पिरिटनं भागायचं न्हाय. ह्याला ते कडक रिमूव्हरच लागणार."

"मग लावा की."

"मोजा कुठं हाय?"

मोजा शोधण्यात पावसाळा सरला, दिवाळी सरली. टेबल त्यांच्या परसात पत्र्याच्या छपराखाली ताडपत्री पांघरून बसलं होतं. मी आडून विचारलं, सरळ विचारलं, शेवटी कायदेशीर नोटीस देईन म्हणालो. "गडबड करू नका," एवढंच उत्तर. तेवढ्यात उद्यमबागेतल्या कुठल्यातरी कारखान्याच्या स्टोअरकीपरनं त्यांना एका नव्याच मोज्याची माहिती दिली. तो म्हणे रबराचा नसतोच. प्लॅस्टिकच्या पातळ थरांचा, चपटा, चिवड्याच्या पाकिटासारखा कुरकुरणारा. डावा-उजवा असला भेद त्यात नाही, बोटं हातात बसत नाहीत, पण असल्या रिमूव्हरला तो दाद देत नाही. अण्णांनी तो मागवायला सांगितला आणि आम्ही वाट बघत बसलो.

याच दिवसांत माझा मेहुणा सुभाष कोर्टाच्या तारखेसाठी निपाणीहून आला. सुभाष म्हणजे कामाला वाघ आणि ऐकायला बहिरा. परसात टेबल बघून त्यानं माझ्या बायकोला विचारलं आणि तिनं मोज्याची सगळी कथा सांगितली.

"हातमोज्यासाठी टेबल अडलंय?" तो हसून हसून लाल झाला. "ताई, आमी तंबाखूत वाढलेली माणसं गं. आमच्या हाताला काय हुतंय?"

दुसऱ्या दिवशी मी कोर्टात होतो. अण्णा आक्कांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. सुभाषला पुढची तारीख पडली होती, म्हणून तो घरी मोकळाच. अण्णांच्या परसाच्या कोपऱ्यात रिमूव्हरचा डबा होताच. माझी बायको नको नको म्हणत होती, म्हणून तिचा मान राखायला त्यानं औषधाच्या दुकानातून पांढरे पातळ मोजे तेवढे आणले.

बायकोचा फोन आला तेव्हा मी उलटतपासणीत होतो. धावतपळत घरी पोचलो तर दृश्य असं: सुभाष परसातल्या नळाखाली हात धरून उकिडवा बसलेला, चेहरा पांढराफटक. अण्णा त्याच्यामागं गुडघे टेकून, त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरून. रिक्षातून उतरताच त्यांनी त्याची बोंब ऐकली होती. डॉक्टरकडे जायचं म्हणून घातलेले इस्त्रीचे कपडे चिखलानं भरले होते. आक्का दारात भिंतीला धरून उभ्या होत्या आणि पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "पाणी हाय न्हवं अजून? संपलं तर हांड्यातलं घ्या."

"मोजा घातलता की मी," सुभाष कण्हत मला म्हणाला. "जळजळ व्हायला लागली. म्हटलं मोजा हाय, कसं लागंल? म्हणून घासत ऱ्हायलो."

मला वाटलं, आता अण्णा सोडणार नाहीत. इतक्या महिन्यांचं प्रवचन, आणि समोर आयता श्रोता. पण त्यांचं लक्ष फक्त पाण्याच्या धारेवर होतं. टाकी रिकामी होईपर्यंत त्यांनी ते मनगट सोडलं नाही. मग हांड्यातलं पाणी घातलं. मग रिक्षा थांबवून आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. हात लालबुंद झाला होता, बोटांवर फोड येत होते, पण डॉक्टर म्हणाले, वेळेत धुतलात, बरं होईल.

सुभाषला पट्टी बांधत होते तेव्हा आम्ही बाहेर बाकावर बसलो. अण्णा आपल्या ओल्या बाह्या पिळत होते.

"उघड्या हाताला लागलं असतं तर झटकला असता त्यानं," ते म्हणाले. "चुकीचा मोजा म्हंजे मोजा न घातल्यापेक्षा वाईट. ते आत कोंडतंय आणि माणूस बिनघोर ऱ्हातोय."

"अण्णा, तुम्हाला कधी भाजलं होतं का असं?"

"न्हाय."

"मग एवढी धास्ती?"

"हिच्या डोळ्यात सकाळ-संध्याकाळ थेंब घालावं लागत्यात," ते म्हणाले. "खालची पापणी बोटानं वढून धरावी लागती. नजर गेली तरी दुखणं हाय की आत. एकदा सांजच्याला थेंब घातला आणि ती वरडली. माझ्या बोटाला रिमूव्हर ऱ्हायलं हुतं. साबणानं धुतलता मी हात. तरी ऱ्हायलं हुतं." त्यांनी दुसरी बाही पिळली. "तिनं कुणाला सांगितलं न्हाय."

तेवढ्यात आतून सुभाषला बाहेर आणलं आणि ते उठले.

पुढे ते चिवड्याच्या पाकिटाचे मोजे आले. दोरीवर त्यांनी परीक्षा दिली. सकाळी लटकवलेलं बोट संध्याकाळीही पत्र्याचा रंग तसाच ठेवून होतं. अण्णांनी सगळ्या गल्लीला तो पत्रा दाखवला. मोजे हातात सैल पडत होते म्हणून त्यावर त्यांनी मोठ्या मापाचे निळे मोजे चढवले. दोन्ही घातल्यावर त्यांना रंग खरवडायचा पत्रासुद्धा नीट धरता येईना, हात पुढे करून ते अस्वलासारखे चालायचे. पण काम सुरू झालं.

आणि अतिशय हळू सुरू झालं. एवढी तयारी केलेला माणूस आठवड्यात टेबल उघडं करील असं मला वाटलं होतं. अण्णा एका दिवशी तळहाताएवढी जागा करत. दुपारी मी घरी असलो की भिंतीपलीकडून पत्र्याचा खर्र खर्र आवाज यायचा आणि मध्येच अण्णांचं बोलणं. म्हातारा एकटाच बडबडतो, असं मी बायकोला म्हणालो.

मे महिन्यात कोर्टाला सुट्टी लागली तेव्हा एकदा सहज भिंतीपाशी गेलो. अण्णा टेबलाशी वाकलेले, डोळ्यांवर मोठा चष्मा. वाऱ्याच्या वरच्या अंगाला, बऱ्याच लांब, लिंबाच्या सावलीत आक्का वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या.

"गुलाबी सरला," अण्णा म्हणाले. "खालनं हिरवा निघूलालाय."

"हिरवा म्हंजे कसला?"

अण्णांनी मान तिरकी करून बघितलं. "कालव्याच्या दाराला मारतोय, तसला."

"खात्यातला हिरवा मला सांगू नका," आक्का म्हणाल्या. "लुगड्यातला सांगा. पोपटी काय शेवाळी?"

अण्णा पुन्हा वाकले. सगळ्या नोकरीत ज्याला लाल म्हणजे धोका आणि हिरवा म्हणजे ठीक एवढेच रंग लागले, तो माणूस तळहाताएवढ्या ठिगळाकडे नाक टेकेपर्यंत बघत राहिला. "शेवाळी," तो म्हणाला. "पण पाणी कमी झाल्यावरचं शेवाळ. वाळत आलेलं."

"हां," आक्का म्हणाल्या आणि खुर्चीत मागं रेलल्या. "आमच्या आईचं हुतं तसलं एक. काठ गुलबक्षी."

अण्णा पत्रा टेबलाला टेकवून थांबले. आक्कांचं ते लुगडं बघून होईपर्यंत ते हलले नाहीत. मी आवाज न करता घरात आलो.

त्यानंतर कुठल्या दिवशी कुठला रंग लागला हे मला बसल्या जागी कळायचं. शेवाळीखाली मोरपंखी निघाला, त्यावर दोन दिवस वाद झाला, कारण आक्कांच्या मते मोरपंखी लाकडाला कुणी देत नाही. मोरपंखीखाली राखाडी. राखाडी आक्कांना आवडला नाही. "उरका तो," म्हणाल्या, आणि खरोखरच तो एका दिवसात गेला.

सुट्टी संपत आली तसा मी टेबल न्यायला टेम्पो ठरवला. दुपारी भिंतीला वळसा घालून अण्णांच्या परसात शिरलो. टेबल पुरं झालं होतं. इतक्या वर्षांत मी ते कधी बघितलंच नव्हतं असं वाटलं. मधासारखं सागवान, रेघ न् रेघ उघडी, उजव्या हाताला वडिलांच्या मनगटानं झिजून पडलेली खोलगट जागा. धुऊन, पुसून, उन्हात वाळवून ठेवलेलं. मोजे कडेला पडले होते. आक्का लिंबाखालून उठून खुर्ची घेऊन टेबलाशी येऊन बसल्या होत्या आणि त्यांचे दोन्ही तळवे टेबलावर पसरलेले होते.

मी काही बोलणार तेवढ्यात आक्कांनी विचारलं, "संपलं काय ओ?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग टेबलाकडे बघितलं. त्यावर रंगाचा ठिपका उरला नव्हता.

"न्हाय," ते म्हणाले. "खाली अजून एक हाय."

"कसला?"

अण्णांना वेळ लागला. "डाळिंबी."

आक्कांची बोटं उघड्या सागावरून सावकाश सरकत या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली. लाकडाच्या रेघांवरून, झिजलेल्या खळग्यातून, पुन्हा वर. सुताची एक गाठ जिच्या बोटाखालून सुटायची नाही ती बाई. तिचा चेहरा शांत होता.

"डाळिंबी," त्या म्हणाल्या. "आणि काठ?"

"काठ..." अण्णा अडले. "मोतिया?"

"मोतिया डाळिंबीवर फिका पडतोय. अंजिरी सांगा."

"अंजिरीच हाय," अण्णा म्हणाले. त्यांनी पत्रा उचलला, उलटा धरला आणि त्याची बोथट पाठ स्वच्छ लाकडावरून हलक्या हातानं फिरवायला सुरुवात केली.

मी परसाबाहेर आलो आणि टेम्पोवाल्याला फोन करून सांगितलं, टेबलाचं काम अजून व्हायचंय.